बुटांची प्रदक्षिणा

बाबांचे बूट ठेवायचे की देऊन टाकायचे, यावरून आमच्या घरात हिवाळाभर दोन पक्ष होते. एका पक्षात मी एकटी. दुसऱ्यात रवीकाका आणि उल्काकाकू. ती दोघं मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत असल्यामुळे त्यांचा पक्ष दर रविवारी फोनवरून चालायचा. आई कुठल्याच पक्षात नव्हती. बूट मात्र तिच्याच ताब्यात होते. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या श्रूजबरीच्या घरात गराजमधून आत आलं की डाव्या हाताला कोटांचं कपाट लागतं, त्याच्या खालच्या फळीवर.

बाबांचं बाकी सगळं गेलं होतं. शर्ट गेले, सूट गेले, बर्फात घालायचा तो अवाढव्य कोटसुद्धा गेला आणि त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. बुटांची गोष्ट वेगळी होती. ते एका कामासाठी घेतले होते आणि ते काम राहून गेलं होतं.

बाबांच्या ऑफिसात गिल्बर्ट नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. त्यांचं जन्मगाव थॉर्नली, इंग्लंडमधल्या जुन्या श्रूजबरीपासून गाडीने अर्ध्या तासावर. तिथल्या चर्चची जुलैत जत्रा भरते आणि त्या दिवशी गावकरी आपल्या पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हाताखालच्या सगळ्या टापूची, शीव पायी फिरतात आणि हद्दीच्या प्रत्येक दगडाला काठीने बडवतात. गिल्बर्टनी हे एकदा जेवताना सहज सांगितलं आणि बाबा जे पेटले ते पेटलेच. "आपल्याला इथे प्रॉपर्टी लाइन माहीत," ते म्हणायचे, "शीव म्हणजे काय ते ह्या लोकांना विचारायला हवं." नकाशे आले. बूट आले. नवे बूट मुरले पाहिजेत म्हणून बाबा ते घालून लॉन कापायचे, दूध आणायला जायचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला ते घालून निघाले तेव्हा आईने त्यांना परत घरात पाठवलं. पुढच्या जुलैत जायचं नक्की झालं. ऑक्टोबरात बाबा गेले.

"तरी जायचं," असं आईने मार्चमध्ये जाहीर केलं, आणि सगळ्यांनी जायचं असंही. त्यामुळे जुलै २००६ मधल्या त्या सकाळी काका, काकू आणि त्यांची इशिता मिनिआपोलिसहून येऊन आमच्या स्वयंपाकघरात पोहे खात होती. संध्याकाळचं लंडनचं विमान होतं. काका कपाटात छत्री शोधायला गेला आणि तिथूनच ओरडला.

"वहिनी! हे अजून इथंच?"

"घर आहे त्यांचं," मी म्हणाले.

"उत्तरा, तू जरा गप्प बस. गेलेल्या माणसाचे जोडे असे घरात ठेवत नाहीत. तेराव्याला दान द्यायचे असतात."

"दिले की तेराव्याला," आई म्हणाली. "छत्री दिली, जोडे दिले. गुरुजी घेऊन गेले."

"ते मॉलमधून आणलेले. दादाने ते पायातसुद्धा घातले नव्हते. साइज तरी त्याची होती का?"

"गुरुजींची होती. घालायचे त्यांनाच होते ना, भाऊजी."

काकू पोह्यांवर खोबरं घालताना खुदकन हसली आणि काकाने पाहिल्यावर थांबली. इशिता चोवीस वर्षांची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. तिला मराठी सगळं कळतं. बोलते ती इंग्रजीच. "डॅड, दे आर जस्ट शूज," ती म्हणाली.

"जस्ट शूज असते तर तुझ्या उत्तराताईने नऊ महिने माझ्याशी भांडण केलं नसतं."

हे मात्र खरं होतं.

दुपारी बॅगांचं वजन करताना आईची बॅग सगळ्यात जड निघाली. "काय आहे यात?" काकाने विचारलं. "चकल्या," आई म्हणाली. काकाला चकल्या फार आवडतात. त्याने पुढे काही विचारलं नाही आणि बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली.

*

जुन्या श्रूजबरीत पहिले दोन दिवस पाऊस. लाकडी वाशांची वाकडी घरं आम्ही छत्र्यांखालून पाहिली. "आपल्या श्रूजबरीत असं वाकडं घर असतं तर टाउन हॉलने नोटीस लावली असती," आई म्हणाली. काकाचे ऑफिसला घालायचे मऊ चामड्याचे बूट पहिल्याच संध्याकाळी स्पंजासारखे झाले. दुसऱ्या दिवशी ते हॉटेलच्या हीटरवर वाळवले तर पुढून पोपटाच्या चोचीसारखे वळले.

थॉर्नलीला जायच्या सकाळी काका नाश्त्याला सपातांवर आला. आई उठली, खोलीत गेली आणि परत आली ती बाबांचे बूट घेऊन. टेबलाखाली, काकाच्या पायांशी तिने ते ठेवले.

"घालून बघा भाऊजी. तुमचा आणि त्यांचा पाय एकच."

माझ्यासमोर भाजलेला टोमॅटो होता. इंग्रज लोक सकाळी सकाळी टोमॅटो का भाजतात यावर मी शक्य तितका वेळ विचार केला.

"वहिनी, मी..." काका म्हणाला.

"तुम्हीच म्हणत होतात ना, घरात नकोत म्हणून? नाहीयेत आता घरात."

काकाने बूट घातले. उभा राहिला. दोन पावलं चालला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजिबात आवडलं नाही. आनंद होता तो.

"अगदी बसतात," तो म्हणाला. "उल्का, अगदी बसतात गं!"

"दे आर गुड शूज," इशिता म्हणाली.

मी आईशी कारमध्ये बसेपर्यंत बोलले नाही. बसल्यावर म्हणाले, "तू मला सांगितलंसुद्धा नाहीस."

"सांगितलं असतं तर तू आणू दिले नसतेस."

"मी आणले असते! पण काकासाठी नाही."

"मग कोणासाठी? तुझे पाय सहा नंबरचे."

गाडी इशिता चालवत होती. पहिल्या दिवशी काकाने डाव्या बाजूने चालवून पाहिली होती आणि एका गोल चौकाला बाहेर पडायचा रस्ता न सापडल्याने इतक्या प्रदक्षिणा घातल्या होत्या की मधल्या फुलांना पाणी घालणारा माणूस त्याला हात करू लागला. आता तो शेजारी बसून अधूनमधून पाय पुढे ताणून बुटांकडे बघत होता. मला मागच्या सीटवरून ते दिसत होतं.

*

पुढचा भाग उल्काकाकूचा. तो प्रसंग ती आता ईडन प्रेरीतल्या प्रत्येक पॉटलकच्या जेवणाला सांगते, त्यामुळे तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिच्याइतकंच पाठ आहे.

थॉर्नलीचं चर्च काळसर दगडाचं, ठेंगणं, भोवती तिरक्या झालेल्या समाध्या आणि बाजूच्या कुरणात जत्रा. तंबू, केकचे स्टॉल, नारळ पाडायचा खेळ. काठीवर ठेवलेले नारळ चेंडूने पाडायचे आणि पाडलेला घरी न्यायचा. "जत्राच की गं ही," काकू म्हणाली. "नारळसुद्धा आहेत." शीव फिरायला अजून अवकाश होता. आधी देवदर्शन करू, असं तिने ठरवलं.

चर्चमध्ये बूट काढत नाहीत, हे काकूला पक्कं माहीत आहे. मुलीला तिने कॅथलिक शाळेत घातलं होतं. पण आमचे पाय घोट्यापर्यंत लाल चिखलाचे, आत नुकतीच पुसलेली फरशी, आणि मुख्य म्हणजे दारापुढच्या पडवीत, बाकाखाली, बुटांची एक छान रांग. पुरुषांचे, बायकांचे, दोन लहान मुलांचे. सगळे जोडीजोडीने लावलेले.

"बघा," काकू म्हणाली, "खेड्यात अजून रीत पाळतात. शहरातल्यांनी सोडली."

"मॉम, आय डोन्ट थिंक..."

"इशू, चपला काढ. देव कुणाचा का असेना."

आम्ही काढल्या. काकाने बाबांचे बूट सोडले, एकमेकांना चिकटवून रांगेच्या टोकाला ठेवले आणि मोज्यांवर आत गेला. काकूची सोनेरी पट्ट्यांची चप्पल त्यांच्या शेजारी.

आत थंडगार होतं. मेणाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास. एका कोपऱ्यात दगडी सरदार आणि त्याची बायको शेजारी शेजारी आडवे झोपलेले, हात जोडून; सरदाराच्या पायाशी कुत्रा, त्याचं नाक लोकांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेलं. आई त्या दोघांपाशी बराच वेळ उभी होती. मी तिच्याजवळ गेले नाही. भांडण चालू होतं.

गळ्यात पांढरी पट्टी घातलेली एक बाई फुलदाण्या उचलत होती. काकूने तिला विचारलं, पाद्री कुठे भेटतील?

"मीच," ती म्हणाली. "जिल. माझ्याकडे अशी चार चर्चेस आहेत, त्यामुळे मी जिथे असायला हवी तिथे क्वचितच असते." मग तिने आमच्या पायांकडे पाहिलं. पाच माणसं, चार मोज्यांवर, एक अनवाणी. "तुमची तिकडे अशी पद्धत आहे का?"

"तुमचीच आहे ना," काकू म्हणाली. "बाहेर रांग आहे."

जिलबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि फुलदाणी घेऊन तशाच दाराकडे पळाल्या.

पडवीतलं बाक मोकळं होतं. खाली फक्त माझे आणि इशिताचे कॅनव्हासचे बूट आणि आईचे साधे बूट, तिन्ही इतके भिजलेले की ते कोणालाच नको होते. ती रांग म्हणजे गावाने जत्रेच्या जुन्या सामानाच्या स्टॉलसाठी आणून टाकलेले बूट होते.

स्टॉलवर मिसेस पार्टन म्हणून एक आजीबाई होत्या. काकूची चप्पल त्यांनी मधोमध, लेसच्या रुमालावर मांडली होती.

"ही माझी," काकू म्हणाली.

"सुंदर आहे, नाही?" मिसेस पार्टन म्हणाल्या. "तुम्हाला अगदी होईल."

त्यांना ऐकू कमी येत होतं. काकूने शेवटी स्वतःची चप्पल स्वतः विकत घेतली आणि वर कागदाची पिशवीही मिळवली.

"आणि बूट?" मी म्हणाले. "चालायचे, तपकिरी, पुरुषांचे?"

हे त्यांना ऐकू आलं. "ते लगेच गेले! मिस्टर हॉलिसनी घेतले. नुकतेच बर्मिंगहॅमहून राहायला आलेत इथे. बस चालवायचे. बिचाऱ्यांकडे धड बूट नव्हते शीव फिरायला."

कुरण रिकामं होत आलं होतं. काठ्या घेतलेल्या लोकांची रांग दूर कुंपणापलीकडे चढावर दिसेनाशी होत होती. जिलबाई अंगरखा सावरत तिच्यामागे धावत निघाल्या, धावता धावता वळून ओरडल्या, "गाडीने या! प्रायरीला गाठा!"

मी काकाकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, चला, दान झालं. त्याच्या सगळ्या म्हणण्याचा शेवट असा फुकटात पदरात पडला होता. पण काका ओल्या गवतात मोज्यांवर उभा होता आणि त्याचा आवाज चढला होता.

"इशू, गाडी काढ! माझ्या दादाचे बूट घेऊन गेला तो!"

मिसेस पार्टननी त्याला स्टॉलखालून हिरवे गमबूट काढून दिले. ते त्याला गुडघ्यापर्यंत आले आणि चालताना त्यातून बदकासारखा आवाज यायचा.

*

आता पक्ष बदलले होते. काका आणि मी एका बाजूला, आणि आई काय म्हणते ते तिलाच ठाऊक.

"शीव फिरायला आलोय आपण," ती मागच्या सीटवर बसत म्हणाली, "आणि फिरतोय गाडीतून."

"आधी बूट, मग शीव," मी म्हणाले.

"ते बूट शीवच फिरतायत."

"आई, प्लीज."

प्रायरी म्हणजे जुना मठ. छप्पर कधीच गेलेलं, कमानी तेवढ्या उरलेल्या, त्यांच्या पायाशी कापलेलं हिरवळीचं गालिच्यासारखं गवत. तिकीट देणारा मुलगा म्हणाला, रांग आत्ताच पुढे गेली, दगड बडवला, एका माणसाला आपटला आणि गेली.

"आपटला?" काकाने विचारलं.

"नव्या माणसाला प्रत्येक दगडावर आपटतात. म्हणजे त्याला हद्द लक्षात राहते. पूर्वी लहान मुलांना आपटायचे."

"बूट घालून आपटला?"

"बहुतेक."

"चल लवकर," मी म्हणाले. पण आई आत शिरली होती. काकूही. काकूला एक दगडी कुंड सापडलं होतं, गोल, कोरीव, मठातल्या साधूंनी जेवणाआधी हात धुवायचं. "वहिनी, बघा, हातपाय धुऊन मग पानावर. आपल्यासारखंच." आई त्या कुंडाच्या काठावर बसली, आणि तिने पिशवीतून डबा काढला. त्यात चकल्या होत्या. म्हणजे चकल्यासुद्धा आणल्या होत्या.

"आई, आपल्याला उशीर होतोय."

"कशाला? ते गोल फिरतायत. आपण इथेच बसलो तर पुढच्या वर्षी परत येतील." तिने मला चकली दिली. "खा. यांना हा मठ बघायचा होता. मी बघतेय."

मी चकली घेतली. आवाज फार मोठा झाला त्या शांततेत.

काका कमानीखाली एकटा उभा होता. त्याने तेव्हा काय आठवलं ते मला त्या दिवशी नाही, पुष्कळ नंतर सांगितलं. १९७९ च्या जानेवारीत तो पहिल्यांदा बोस्टनच्या लोगन विमानतळावर उतरला तो कोल्हापुरी चपला घालून. बाहेर बर्फ. दादा न्यायला आला होता. त्याने रवीच्या पायांकडे पाहिलं, तिथेच बाकावर बसला, आपले बूट काढून त्याला दिले आणि स्वतः त्या चपला घालून पार्किंगपर्यंत गेला. पुढे दोन वर्षं काका आमच्या तळघरात राहिला आणि दादाचेच बूट वापरत राहिला, कारण नवे घ्यायचं कोणी काढलंच नाही. "दादाचा आणि माझा पाय एकच आहे हे मला त्या नाश्त्याच्या टेबलावर नव्याने कळलं नाही गं," काका मला म्हणाला. "मी ते विसरून बसलो होतो. विसरलो होतो म्हणून तर देऊन टाका म्हणत होतो."

पण त्या दुपारी तो कमानीखालून एवढंच म्हणाला, "उत्तरा, तू माझ्या बाजूची आहेस ना?"

"आहे."

"मग वहिनींना उठव."

*

शेवटून तिसरा दगड टेकडीवर होता. टेकडीवर फार जुना किल्ला आहे असं पाटीवर लिहिलं होतं, रोमन लोकांच्याही आधीचा. वर गेल्यावर काकाने चारी बाजूंना पाहिलं. गवताचे दोन बांध आणि बऱ्याच मेंढ्या.

"किल्ला कुठाय?"

"यू आर स्टँडिंग ऑन इट, डॅड."

"ह्याला किल्ला म्हणतात? आमच्या सोसायटीच्या मागचा ढीग याहून उंच होता."

"रवी, श्वास घे आधी," काकू म्हणाली.

बांधापलीकडून हशा ऐकू आला. मोठा, बऱ्याच लोकांचा. आम्ही वर चढलो, काका गमबुटांचा आवाज करत सगळ्यात पुढे, आणि आम्हाला बाबांचे बूट दिसले.

ते हवेत होते. तळवे आभाळाकडे, खाचांत लाल माती. त्यांच्या खाली एक भला जाडजूड माणूस, त्याला चौघांनी हातापायांना धरलेलं, आणि गाव ओरडून मोजतंय. एक! चौघांनी त्याला दगडावर टेकवला. दोन! बूट खाली गेले, वर आले. तीन! बुटांच्या मालकाने, म्हणजे त्या वेळच्या मालकाने, "माझी पाठ!" अशी आरोळी ठोकली आणि सगळ्यांनी काठ्या उंचावल्या.

माझ्या शेजारून एक विचित्र आवाज आला. मी वळून पाहिलं. आई हसत होती. ऑक्टोबरनंतर ती हसलीच नव्हती असं नाही. लोकांसमोर, फोनवर, हसायला हवं तिथे ती हसत आली होती. हे तसलं नव्हतं. ती वाकली होती, एका हाताने तिने काकूचा खांदा धरला होता आणि दुसऱ्याने पोट, आणि तिला बोलता येत नव्हतं. "पाय," ती म्हणाली, "अगं, पाय बघ त्यांचे..." आणि परत हसायला लागली. काकूलाही ते लागलं. तेवढ्यात इशिताही त्यांच्यात गेली. काका आणि मी तेवढे गंभीर उभे राहिलो.

मग काका पुढे झाला. "एक्स्क्यूज मी," तो म्हणाला, "दोज आर माय ब्रदर्स शूज."

हशा थांबला. जिलबाईंनी हळू आवाजात हॉलिसना काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यांच्या लाल होत गेलेल्या मानेवरून कळत होतं. ते दगडावर बसले आणि लेस सोडू लागले. त्यांची बोटं जाड होती आणि गाठी भिजून घट्ट झाल्या होत्या, त्यामुळे ते बराच वेळ चाललं आणि सगळं गाव ते बघत उभं राहिलं.

"मला कल्पना नव्हती," ते म्हणाले. "माफ करा. माझ्या पायांना कधी कुठले बूट झाले नाहीत असे." मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा आला होता. त्यांनी तो पाय दुसऱ्या पायामागे घेतला. "दोनच दगड राहिलेत, नाही का, जिल? मी या मंडळींच्या गाडीतून खाली जाईन. मला पुढच्या वर्षी आपटा."

एक बूट त्यांनी काकाकडे दिला. काकाने तो छातीशी धरला आणि आईकडे पाहिलं.

"वहिनी?"

आईचं हसू आता ओसरलं होतं. पदर नसल्यामुळे ती जॅकेटच्या बाहीने डोळे पुसत होती. काकाकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठेवायचे होते ना, उत्तरा?" ती म्हणाली. "घे मग. घरी नेऊ. त्याच फळीवर ठेवू." टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती.

काकाने बूट माझ्या हातात दिला. मला तो हवा होता. नऊ महिने मी त्यासाठी भांडले होते आणि आता सगळं गाव तो माझा आहे असं मानून वाट बघत होतं. चिखल गळत होता म्हणून मी तो उलटा केला, आत काही खडा गेलाय का ते पाहायला हात घातला.

आतून तो गरम होता.

मी हात तसाच ठेवला, थोडा वेळ. मग वाकून बूट हॉलिसच्या पायापुढे ठेवला, नाक दरीकडे करून.

"वरून दुसरा हुक सोडून बांधा," मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. "तिथे घोट्याला लागतं. माझे वडील सोडायचे."

"मला वाटलंच," हॉलिस म्हणाले. "प्रायरीपासून लागतंय."

"अगं पण उत्तरा..." काका म्हणाला.

"राहू दे, काका."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या बुटाकडे पाहिलं. मग खाली बसला, गमबुटांसकट, ओल्या गवतात, आणि हॉलिसच्या दुसऱ्या पायाची लेस स्वतः बांधली. दुसरा हुक सोडून.

पुढचा दगड ओढ्यापलीकडे होता. जिलबाईंनी आम्हाला विलोच्या काठ्या दिल्या. आई आणि काकू पुढे गेल्या. इशिता गाडी खाली आणायला जाणार होती, ती गेलीच नाही. काका हॉलिसच्या शेजारून चालत होता, त्याचे गमबूट बदकाचा आवाज करत होते, आणि वाटेत डबकं आलं की तो त्यांचं कोपर धरून म्हणायचा, "केअरफुल, केअरफुल." हॉलिस बिचारे निमूटपणे वळसा घालायचे. तिसऱ्या डबक्याला आई थांबली आणि मागे वळली.

"भाऊजी," ती म्हणाली, "जाऊ द्या हो त्यांना पाण्यातून. त्यासाठीच घेतले होते."